यादी चावडीवर वाचा!

तिजोरी जनतेची, पण तिच्यातला पैसा कोणाच्या पदरात पडला, हे जनतेने विचारायचे नाही, हा कुठला न्याय?

२००८ साली केंद्र सरकारने शेतकरी कर्जमाफी योजना आणली. सुमारे ५२ हजार कोटी रुपये त्यापायी खर्ची पडले. पात्र शेतकऱ्यांच्या याद्या बँकशाखांनी फलकावर लावाव्यात, असा दंडकही होता. तरीही मार्च २०१३ मध्ये संसदेसमोर आलेल्या महालेखापरीक्षकांच्या अहवालाने काय दाखविले? तपासलेल्या ९०,५७६ प्रकरणांपैकी २२.३२ टक्क्यांत त्रुटी! अपात्रांचे फावले आणि कित्येक पात्र शेतकरी उंबरठ्याबाहेरच ताटकळले.

हा दोष केवळ कारकुनाचा नव्हे. कोणाचे शिवार किती, कोण खरा कसणारा, हे बँकेच्या फलकाला ठाऊक नसते, गावाला असते. म्हणूनच नाव, रक्कम आणि पात्रतेचा आधार यांचे वाचन ग्रामसभेत झाले पाहिजे. माहिती अधिकार कायद्याचे २००५ मधील चौथे कलम तर अनुदानाच्या लाभार्थ्यांचा तपशील कोणी न मागता प्रसिद्ध करण्यास सांगते.

यावर खासगीपणाची ढाल पुढे केली जाते. आधार क्रमांक, बँक खाते अवश्य झाकावे. परंतु सार्वजनिक पैशाचे दान गुप्तदान कसे ठरेल? प्रामाणिक शेतकऱ्याला यादीचे भय नाही. भय आहे ते त्याच्या नावावर पोट भरणाऱ्यांना. त्यांच्या सोयीसाठी यादी किती काळ कुलपात ठेवायची?