संशोधनाचा विषय कोणी ठरवायचा?

यंत्र अभियांत्रिकीतील पीएच.डी.चे प्रबंध चाळले, तर तीन शब्द वारंवार भेटतात : कंपन, ज्वलन आणि उष्णतासंक्रमण. या तिन्ही गोष्टी श्रमिकांच्या रोजच्या परिचयाच्या आहेत. इचलकरंजीच्या यंत्रमागावर उभ्या असलेल्या कामगाराच्या पायाखालची जमीन हादरते, ते कंपन. कोल्हापूरकडच्या गुऱ्हाळात चुलवाणात चिपाड जळते, ते ज्वलन. वरच्या काहिलीतला रस आटतो, तो उष्णतासंक्रमणाने. असे असूनही यंत्रमागाच्या शेडपासून आणि गुऱ्हाळापासून प्रबंधापर्यंत जाणारी वाट इतकी अरुंद का?

शासकीय संस्थेतील संशोधक विद्यार्थ्याची प्रारंभीची शिष्यवृत्ती २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये आहे. ती रक्कम, प्रयोगशाळेची सामग्री आणि प्राध्यापकांचे वेतन सार्वजनिक तिजोरीतून येते. साबणाच्या वडीवर कर भरणारी शेतमजूर स्त्रीही या संशोधनाची आश्रयदाती आहे. विषय ठरविताना मात्र तिला कोणी विचारीत नाही. मार्गदर्शकाचा जुना विषय, हाताशी असलेले उपकरण, परदेशी नियतकालिकांची आवड आणि उद्योगाचा निधी यांतून विषय ठरतो. यात विद्यार्थ्याचा दोष नाही. ज्या मापाने पदवी आणि बढती मिळते, त्या मापाकडे तो पाहणारच.

यावर एक आक्षेप ठरलेला असतो. मूलभूत संशोधनाला उपयुक्ततेच्या दावणीला बांधू नये, असे म्हटले जाते. तत्त्व म्हणून ते मान्य व्हावे. परंतु उपयोगाच्या प्रश्नातून मूलभूत विज्ञान निघतच नाही, हा त्यातला गर्भित समज इतिहासाला धरून नाही. सादी कार्नो याने १८२४ साली वाफेच्या इंजिनातून अधिकाधिक काम कसे मिळेल, हा अगदी व्यवहारी प्रश्न हाती घेतला. त्यातून ऊष्मागतिकीचा पाया घातला गेला.

साधी चूलच घ्या. लाकूड तापते, त्यातून ज्वालाग्राही वायू सुटतात, हवेशी त्यांचे मिश्रण अपुरे होते आणि न जळलेला अंश धूर होऊन घरात राहतो. इंधनाचा ओलावा बदलतो, हवेचा झोत बदलतो, भांडे बदलते. हवा वाढवावी तर ज्वलन सुधारते, पण वाजवीपेक्षा वाढली तर भांड्याची उष्णता धुराड्यातून निघून जाते. नियंत्रित ज्वालेपेक्षा हा प्रश्न तिळमात्र सोपा नाही. केवळ प्रतिष्ठेच्या उतरंडीत तो तळाशी आहे.

ही उतरंड मोडण्याचा प्रयत्न याच देशात झाला. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत १९७४ साली अमूल्य रेड्डी यांच्या पुढाकाराने ‘अस्त्र’ हा ग्रामीण तंत्रज्ञानाचा उपक्रम सुरू झाला. त्याच्या अभ्यासकांनी कर्नाटकातील पुरा या खेड्यातील ऊर्जावापर मोजला, तेव्हा सर्वांत मोठा वाटा स्वयंपाकाच्या सरपणाचा निघाला. तीन भांड्यांची, धुराडे असलेली ‘अस्त्र ओले’ ही चूल याच उपक्रमाची निर्मिती. पुढे शासनाच्या सुधारित चुलींच्या राष्ट्रीय कार्यक्रमात तीन कोटींहून अधिक चुली वाटल्या गेल्या. पण अनेक चुली मोडल्या, अनेक स्त्रिया जुन्या चुलीकडे वळल्या आणि २००२ मध्ये केंद्राने तो कार्यक्रम गुंडाळला. प्रयोगशाळेत पाणी उकळून काढलेली कार्यक्षमता भाकरी थापणाऱ्या घरात टिकत नाही, हा त्याचा धडा. वाटपाचे उद्दिष्ट पुरे झाले. दुरुस्ती आणि पुढचे संशोधन मागे राहिले.

२०१६ पासून ‘उज्ज्वला’ योजनेतून गॅसजोडण्या पोहोचल्या, हे चांगलेच झाले. तरीही सिलिंडर पुन्हा भरून घेणे परवडत नाही तेथे चूल पेटतेच. घरातील धुराने २०२० साली जगभरात सुमारे ३२ लाख अकाली मृत्यू झाले, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे.

कंपनाची कथाही वेगळी नाही. हवेच्या दाबावर चालणाऱ्या हातोड्यांनी चुनखडक घडविणाऱ्या कामगारांची बोटे थंडीत पांढरी व बधिर पडतात, हे डॉ. ॲलिस हॅमिल्टन यांनी अमेरिकेतील इंडियाना राज्यात १९१८ साली तपासून नोंदविले. ब्रिटनने या विकाराला भरपाईयोग्य औद्योगिक रोगांच्या यादीत घेतले, ते १९८५ मध्ये. यंत्राचे आयुष्य वाढावे म्हणून कंपन मोजणाऱ्या शास्त्राला यंत्र धरणाऱ्या हाताकडे वळायला एवढा काळ लागतो, तो गणित अवघड असते म्हणून नव्हे.

केंद्र सरकारने जुलै २०२५ मध्ये एक लाख कोटी रुपयांच्या संशोधन व नवोपक्रम योजनेला मंजुरी दिली. तिचा भर खाजगी क्षेत्राला अल्प व्याजाने वा बिनव्याजी भांडवल पुरविण्यावर आहे. ज्याला विकत घेण्याची ऐपत आहे, त्याचाच प्रश्न बाजार ऐकतो. निदान विद्यापीठांनी तरी दुसरा कान उघडा ठेवावा. कामगार संघटना, शेतकरी आणि स्त्रियांचे बचतगट यांच्याकडून समस्यांची नोंदवही मागवावी. तीतून विषय घेणाऱ्यास स्वतंत्र शिष्यवृत्ती द्यावी. प्रत्यक्ष घरात वा शेडमध्ये घेतलेल्या चाचणीला शोधनिबंधाइतकेच वजन असावे.

आणि चळवळीतील कार्यकर्त्यांनीही विद्यापीठाचे दार केवळ प्रवेश व शुल्काच्या प्रश्नांवर ठोठावून थांबू नये. आत काय शोधले जाते, हे विचारण्याचा अधिकारही लोकांचा आहे. तो बजावला नाही, तर काहिलीखालचा जाळ ज्याच्या अंगावर येतो, त्याच्या प्रश्नाला प्रबंधात जागा मिळणार नाही.