एक रायफल, अनेक खांदे

तालुक्याच्या गावात एअर रायफल शिकणाऱ्या मुलाच्या हातात पहिली येते ती क्लबची रायफल. तिचा स्टॉक मोठ्या माणसाच्या मापाचा असतो, आणि एकाच सकाळी आठवीतल्या मुलीपासून पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या तरुणापर्यंत सगळे तीच खांद्याला लावतात. मग कुणी सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळतो, कुणी चपलेचा सोल कापून बटामागे चिकटवतो, कुणी फोम लावून वर रेक्झिन शिवतो. मोठ्या शहरातून आलेला एखादा प्रशिक्षक ते पाहून हसतो. आम्ही हसणाऱ्यांत नाही. स्टॉकमध्ये बदल व्हायलाच हवेत. आमची तक्रार आहे ती ते अंदाजाने होतात याबद्दल.

ज्यांना स्टॉकला हात लावणेच गैर वाटते त्यांनी पॅरिस ऑलिंपिकची अंतिम फेरी पुन्हा पाहावी. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये ४५१.४ गुणांवर ब्राँझ मिळवले. या प्रकारात आधी गुडघ्यावर बसून, मग पालथे झोपून, मग उभ्याने मारायचे असते, आणि पवित्रा बदलताना नेमबाज त्याच रायफलची बटप्लेट नि चीकपीस नव्या मापावर आणतात, तेही घड्याळ चालू असताना. महागड्या स्टॉकला त्यासाठी स्क्रू आणि खाचा असतात. आपल्या लाकडी स्टॉकला नसतात, म्हणून आपल्याला सुतार लागतो.

पहिले काम लांबीचे. उभ्याने मारताना रायफल स्नायूंनी पेलायची नसते, हाडांवर ठेवायची असते. उजव्या हाताच्या नेमबाजाचे डावे कोपर कमरेच्या हाडावर टेकले की वजन सरळ पायांत उतरते. स्टॉक लांब असला की मूल मागे कलते, कोपर कमरेपासून सुटते आणि सगळा भार दंडावर येतो. साठ गोळ्यांच्या सामन्याला ७५ मिनिटे असतात; दंड त्याच्या कितीतरी आधी थरथरू लागतो. १० मीटरच्या टार्गेटवरचा दहाचा ठिपका अवघा अर्ध्या मिलिमीटरचा आहे, तिथे दंडाच्या थरथरीला जागा नाही.

पण पट्ट्या लावून स्टॉक लांबच होतो, आखूड होत नाही. म्हणून क्लबने एकदा धीर करून एका रायफलचा बट सर्वांत लहान मुलाच्या मापाला कापून घ्यावा. कापलेला तुकडा फेकू नये, तोच मोठ्या मुलांसाठीचा पहिला जोड होतो. बाकीच्यांसाठी सहा-सहा मिलिमीटरच्या प्लायच्या चकत्या आणि तेवढ्या लांबीचे स्क्रू पुरतात. सुरवडीच्या एमआयडीसीत लेथवर काम करणारा कुणी ओळखीचा असेल तर ॲल्युमिनियमच्या चकत्या करून घ्या. प्लाय पावसाळ्यात फुगते.

दुसरे काम गालाचे, आणि सर्वांत जास्त घोळ इथेच आहे. मुलाला रायफल खांद्याला लावायला सांगा, डोळे मिटून डोके आपल्या वजनाने चीकपीसवर सोडू द्या, मग डोळे उघडायला सांगा. फ्रंट साइटची रिंग पीप साइटच्या भोकात मधोमध दिसली तर उंची बरोबर. वर दिसली तर डोळा वर राहतोय, म्हणजे चीकपीस उंच आहे. खाली दिसली तर बुटका. चीकपीस बुटका असला की मूल मान खाली घालते, कपाळाखालून पाहते, आणि डोके वाकले की उभे राहण्याचा तोलही बिघडतो. फोम टाळा. पहिल्या गोळीला तो जेवढा दबतो तेवढाच चाळिसाव्या गोळीला दबत नाही, त्यात एप्रिल-मेचा घाम. सागाची घासून गुळगुळीत केलेली पाचर पट्ट्याने बांधलेली बरी.

वजनाच्या बाबतीत आपल्याच फलटण तालुक्यातले उदाहरण घ्या. सरडे गावचा तिरंदाज प्रवीण जाधव टोकियो ऑलिंपिकला गेला. ऑलिंपिक तिरंदाजीतल्या धनुष्याला पुढे लांब दांडा आणि टोकाला वजन असते. हातापासून दुप्पट लांब ठेवलेले वजन वळण्याला चौपट विरोध करते, म्हणून नळीच्या टोकाकडचे थोडेसे शिसे ट्रिगरजवळच्या मूठभर शिशापेक्षा जास्त काम करते. मात्र १० मीटरच्या रायफलचे एकूण वजन साडेपाच किलोच्या पुढे चालत नाही, आणि बारा वर्षांच्या मुलाला त्याच्या निम्मे वजनही पुरेसे असते. वजन वाढवून थरथर थांबते हा समज आम्हाला फार महाग पडला आहे. थरथर मंद होते, पण लवकर सुरू होते.

स्प्रिंगच्या रायफलीवर आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. छर्रा नळीतून सुटण्याआधीच आतला पिस्टन हालतो आणि सगळी रायफल हादरते. वजन किंवा हाताची जागा बदलली की हादऱ्याची रीत बदलते, गटाची जागाही सरकते. फोर-एंडवर हात ठेवायची जागा खुणेने पक्की करा आणि पकड सैल ठेवा. गट अचानक फाटला तर नवा चीकपीस करायला धावण्याआधी ॲक्शनचे स्क्रू पाहा. लाकूड आटले की ते ढिले होतात.

नियमांचेही भान हवे. १० मीटरमध्ये स्टॉकला अंगठ्याचे भोक, पाम रेस्ट किंवा स्पिरिट लेव्हल चालत नाही. ग्रिपवर आणि फोर-एंडवर पकड वाढवणारी टेपही नाही. गावात हौसेने केलेले काम स्पर्धेच्या तपासणीत अडकले की सामना मुलाचा जातो. आणि हात घालायचा तो फक्त लाकडाला. ट्रिगर, स्प्रिंग, नळी ही घरी उघडायची चीज नव्हे. .२२ असेल तर परवाना असलेल्या गनस्मिथशिवाय कुणाकडे देऊही नये.

क्लब चालवणाऱ्या मंडळींना आमची एकच विनंती आहे. प्रत्येक मुलाला एक कापडी पिशवी द्या. त्यात त्याच्या नावाची पाचर, त्याच्या चकत्या, त्याचे स्क्रू आणि मापांची चिठ्ठी. रायफल सामायिक राहील, स्टॉक ज्याचा त्याचा होईल. एका वेळी एकच बदल करा, आधीचे आणि नंतरचे टार्गेट तारीख घालून जपा. त्यांचे फोटो आणि मापे आम्हाला पाठवा. जिल्हा स्पर्धांच्या आधीच्या अंकात ती छापू.