सर्वांगीण विकासाची झेरॉक्स

माझ्या कॉम्प्युटरमध्ये ‘उद्देश_फायनल_नवीन_२’ नावाची एक फाइल आहे. कनेरगाव नाक्यावर झेरॉक्स, टायपिंग आणि ऑनलाइन सातबाराचा धंदा करता करता बरीच वर्षं गेली. पीकविम्याची गर्दी ओसरली की दुकान या फाइलवर चालतं. संस्था काढायची म्हणून कुणी तरी सात जणांची आधार कार्डं घेऊन येतो. मी नाव-पत्ता बदलतो आणि प्रिंट काढतो. छत्तीस उद्देश! महिला सक्षमीकरण, व्यसनमुक्ती, वृक्षलागवड, गोशाळा, वृद्धाश्रम, जलसंधारण, क्रीडा प्रबोधिनी. शेवटी ‘समाजाच्या सर्व घटकांचा सर्वांगीण विकास साधणे’, म्हणजे वर काही राहून गेलं असेल तर तेही त्यात आलं.

मागे एका संस्थेनं हेच उद्देश छापून गावोगाव पत्रकं वाटली. तेविसावा उद्देश होता, ‘किनारपट्टीवरील मच्छीमार बांधवांचे जीवनमान उंचावणे’. हिंगोली जिल्ह्यात! आमच्याकडे पैनगंगा आहे, कयाधू आहे, इसापूर धरणात मासेही धरतात, पण त्याला किनारपट्टी म्हणणारा अजून जन्मायचाय. फाइल मुळात कोकणातल्या कुठल्या तरी संस्थेची असणार. चूक माझी, कबूल. पण सात जणांनी त्याखाली सह्या ठोकल्या होत्या आणि वर्षभर एकालाही ती ओळ खटकली नाही. आपण काय करणार आहोत हे आपल्याच कागदावर कुणी वाचलं नव्हतं.

वकील म्हणतात, उद्देश भरपूर घाला. त्यात तथ्य आहे. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्यात उद्देश बदलायचे म्हटले की विशेष सभा बोलवा, तीन-पंचमांश मतं मिळवा, मग महिन्याच्या अंतरानं दुसरी सभा घ्या आणि तेवढीच मतं पुन्हा मिळवा. त्यापेक्षा गोशाळा आजच घालून ठेवलेली बरी. नोंदणीचा कागद गोधडीसारखा असायला माझी हरकत नाही. माझं भांडण आहे ते त्या गोधडीतली एक चिंधी फाडून ती ‘ध्येयवाक्य’ म्हणून बोर्डावर टांगण्याशी. ‘शोषित, वंचित व दुर्बल घटकांच्या शाश्वत सक्षमीकरणासाठी कटिबद्ध.’ कोणत्या गावचे वंचित? कशाला मुकलेले? २०१३ च्या कंपनी कायद्यानं मोठ्या कंपन्यांना नफ्यातले दोन टक्के समाजकामावर खर्चायला लावले, तेव्हापासून हे वाक्य आणखी फुगलंय. अर्जात व्हिजनचा चौकोन वेगळा, मिशनचा वेगळा. लोक दोन्हीकडे एकच वाक्य टाकतात, फक्त वरच्या ‘स्वप्ना’चा खाली ‘निर्धार’ होतो.

बाबासाहेबांनी २० जुलै १९२४ ला बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. कुणासाठी, ते नावातच आलं. आणि शब्द ‘बहिष्कृत’, ‘दुर्बल घटक’ असला गुळमुळीत नव्हे. उद्देशांत वसतिगृहं, वाचनालयं, अभ्यासमंडळं, शेतीच्या आणि उद्योगाच्या शाळा. पुढच्याच वर्षी सोलापुरात वसतिगृह सुरूही झालं. भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली, तिचं ‘कमवा आणि शिका’ घ्या. खिशात फी नसलेला पोरगा, त्याच्या हातातलं फावडं आणि काखेतली वही, सगळं दिसतं. ‘सर्वांगीण’मध्ये मला आजवर माणूस दिसलेला नाही.

आमच्या गावाच्या नावातच नाका आहे, आणि नाका असतो अडवायला. ध्येयवाक्यानंही अडवलं पाहिजे. उद्या कुणी म्हणालं, पैसे देतो, व्यसनमुक्तीची रॅली काढा, तर ‘ते आमचं काम नाही, दुसरीकडे विचारा’ असं सांगायची ताकद त्या एका ओळीत हवी. माझं एकही गिऱ्हाईक असं बोललेलं नाही. सगळ्यांचं एकच, ‘राहू द्या ना सर, कामी येतंय.’

गेल्या दिवाळीनंतर एक पोरगेला माणूस आला. नेमकं काय करता, मी विचारलं. म्हणाला, ‘आमच्या तांड्यावरची माणसं ऊसतोडीला जातात. त्यांची लेकरं आजी-आजोबांजवळ ठेवून घेतो. संध्याकाळी जेवण अन् अभ्यास. सव्वीस हायेत यंदा.’

मी टाइप केलं: ‘ऊसतोडीला जाणाऱ्या आईबापांची लेकरं गावातच राहावीत आणि त्यांची शाळा सुटू नये.’ मोठ्या अक्षरात, एकच ओळ.

त्यानं कागद उलटून पाहिला, मागं काही आहे का म्हणून.

‘एवढंच, सर? जरा वजनदार करा की. सर्वांगीण वगैरे.’

मी नाही म्हणालो. तो रस्त्यापलीकडच्या दुकानात गेला. तिथंही तीच फाइल आहे, माझ्याच पेन ड्राइव्हमधून गेलेली, मच्छीमारांसकट.