कुंडीतील आमरी : खत थोडे, पाणी बेताचे

धानाच्या बांधीत खत फेकावे व पाणी साचवून ठेवावे, ही भंडारा जिल्ह्यातील शेतकऱ्याच्या अंगवळणी पडलेली रीत आहे. धानाला ती मानवते. कारण त्याच्या देठांत व मुळांत हवा खेळविणाऱ्या पोकळ्या असतात. हीच रीत अंगणातील कुंडीत लावलेल्या ऑर्किडला, म्हणजे आमरीला, लावली की तिची मुळे कुजतात. मग दोष रोपाला दिला जातो. वस्तुतः तो रोपाचा स्वभाव न ओळखणाऱ्याचा असतो.

आमरीला पुष्कळ लोक बांडगूळ समजतात. हा समज चुकीचा आहे. बांडगूळ झाडाचा रस शोषते. आंब्याच्या खोडावर वाढणारी रास्ना केवळ आधार घेते. तिची मुळे हवेत असतात. त्यांवरील पांढरे आवरण पावसाचे पाणी टिपते आणि लवकर सुकते. पाण्याबरोबर झिरपणाऱ्या अत्यल्प अन्नावर तिचा निर्वाह चालतो.

म्हणून कुंडीत माती किंवा शेणखत न भरता कोळसा, विटांचे तुकडे व नारळाची सोडणे घालावीत. पाणी सकाळी द्यावे. पानांच्या बेचक्यात ते साचू देऊ नये. उन्हाळ्यात रोप सावलीत ठेवून रोज, तर पावसाळ्यात व हिवाळ्यात मुळे पांढरी दिसू लागल्यावरच पाणी द्यावे. वाढीच्या दिवसांत 19:19:19 हे विद्राव्य खत 1 लिटर पाण्यात 1 ग्रॅमहून अधिक नसावे. ते आठवड्यातून एकदा, मुळे आधी साध्या पाण्याने भिजवून, द्यावे. महिन्यातून एकदा कुंडी भरपूर साध्या पाण्याने धुवावी; नाहीतर साचलेले क्षार मुळांतील पाणी ओढून घेतात व मुळांची टोके काळी पडतात. खताचे भांडे वेगळे असावे व ते मुलांच्या हाती लागू नये.

हा शौकिनांचा विषय आहे, शेतकऱ्याला त्याचे काय, असे कोणी म्हणेल. परंतु अधिक खत म्हणजे अधिक पीक, हा भ्रम शेतातही तितकाच महाग पडतो. युरियाने माजलेले धान लोळते व त्यावर कीड-रोग बळावतात. कुंडीतील चूक थोड्या दिवसांत डोळ्यांना दिसते. शेतातील चूक मात्र हंगामाअखेर कळते. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी हा धडा कुंडीवरून अवश्य समजावून द्यावा.

रोप मात्र रोपवाटिकेतूनच आणावे. कोका अभयारण्यातून वनस्पती उपटून आणणे हा वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 अन्वये गुन्हा आहे. शिवाय रानातून ओरबाडलेली आमरी कुंडीत सहसा जगत नाही.