चूक कंपायलरची, तोटा ठेवीदारांचा

‘कर्व्ह फायनान्स’ या आभासी चलनांच्या विनिमय केंद्रातील चार निधींवर ३० जुलै २०२३ रोजी काही तासांच्या अवधीत डल्ला मारण्यात आला. पहिल्या मोजदादीत सुमारे ७ कोटी डॉलर गेल्याचे आढळले. आभासी चलनांच्या दुनियेत चोऱ्या नव्या नाहीत. या प्रकरणाचे वेगळेपण असे, की ज्या प्रोग्रॅममधून पैसा गेला त्याच्या मजकुरात ही चूक नव्हतीच. ती होती तो प्रोग्रॅम यंत्रभाषेत उतरवणाऱ्या कंपायलरमध्ये.

प्रोग्रॅम ज्या भाषेत लिहिला जातो ती यंत्राला कळत नाही. कंपायलर हा मधला दुभाषा. दुभाष्याने अर्थाचा अनर्थ केला, तर मूळ भाषण कितीही वेळा तपासले तरी तो सापडत नाही. अर्थात कंपायलरवर खापर फोडणे ही प्रोग्रॅमरांची जुनी पळवाट आहे आणि बहुतेक वेळा चूक त्यांचीच निघते. त्यामुळेच खरोखर दुभाषा चुकतो तेव्हा त्याच्याकडे संशयाची नजर फार उशिरा वळते.

कर्व्हच्या या निधींचे प्रोग्रॅम ‘वायपर’ या भाषेत लिहिलेले होते. बँकेच्या उपमेने सांगायचे, तर ग्राहकाच्या हाती रोकड पडली आहे, पण खतावणीतील नोंद पुरी व्हायची आहे. तेवढ्यात तोच ग्राहक भरणा करण्याच्या खिडकीवर गेला, तर अर्धवट खतावणीच्या आधारे त्याच्या नावे जादा रक्कम जमा होऊ शकते. म्हणून एका खिडकीवरील व्यवहार संपेपर्यंत सर्व खिडक्यांना मिळून एकच कुलूप घालायचे असते. वायपरमध्ये त्यासाठी एका ओळीची सोय आहे आणि ती ओळ, एकाच कुलपाच्या नावासह, दोन्ही ठिकाणी लिहिलेली होती. मात्र वायपरच्या ०.२.१५, ०.२.१६ आणि ०.३.० या तीन आवृत्त्यांनी प्रत्येक खिडकीला आपापले स्वतंत्र कुलूप बसवले. एक खिडकी बंद असताना शेजारची उघडी राहिली.

हा दोष जुलै २०२१ मध्ये शिरला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ०.३.१ या आवृत्तीत दूरही झाला. म्हणजे चोरी झाली तेव्हा कंपायलर दुरुस्त होऊन तब्बल वीस महिने लोटले होते. पण साचा सुधारला म्हणून आधी त्यातून निघालेल्या मूर्ती सुधारत नाहीत. त्यातही इथेरियमच्या साखळीवर एकदा चढवलेला प्रोग्रॅम सहसा बदलता येत नाही. दुरुस्ती करताना ‘या दोषासह तयार झालेले कोणते प्रोग्रॅम आज लोकांचे पैसे सांभाळत आहेत?’ हा प्रश्न विचारला गेला नाही. या प्रकरणातील खरा हलगर्जीपणा तिथे आहे.

तो प्रश्न विचारला असता तर उत्तर मिळाले असते काय? बऱ्याच अंशी होय. इथेरियमवरील बहुतेक मोठ्या प्रोग्रॅमांचा मूळ मजकूर, यंत्रभाषेतील रूप आणि कंपायलरची आवृत्ती या तिन्ही गोष्टी जाहीर असतात. आवृत्ती त्या तिघांपैकी आहे का, हे पाहणे ही पहिली पायरी. पण तेवढ्याने प्रोग्रॅम बाधित ठरत नाही. कुलूप एकापेक्षा अधिक खिडक्यांवर वापरले आहे का आणि व्यवहाराच्या मध्येच समोरच्याच्या हाती सूत्रे जातात का, हेही पाहावे लागते. कर्व्हच्या लुटल्या गेलेल्या निधींत मूळ इथर चलन थेट पाठवले जाई आणि ते स्वीकारताना हल्लेखोराच्या प्रोग्रॅमला मध्ये शिरण्याची संधी मिळे. शेवटची पायरी म्हणजे यंत्रभाषेतील रूप उलगडून कुलपे खरोखर किती आहेत हे मोजणे. तिथे मूळ मजकुरावर विसंबून चालत नाही.

एवढे करूनही उत्तर नेहमी ‘हो’ किंवा ‘नाही’ असे येत नाही. आर्बिट्रम या साखळीवरील कर्व्हच्या एका निधीबाबत तज्ज्ञांना फायदेशीर हल्ल्याची वाट सापडली नाही. तरीही ठेवीदारांना पैसे काढून घेण्याचा सल्ला देण्यात आला. तो शहाणपणाचाच होता. वाट सापडली नाही म्हणजे ती नाही, असे होत नाही.

लुटीच्याच दिवशी वायपरच्या चमूने सदोष आवृत्त्यांची नावे जाहीर केली आणि त्या वापरणाऱ्यांनी तातडीने संपर्क साधावा, असे आवाहन केले. ते करणे भागच होते. पण असे आवाहन चोरही वाचतात. हीच यादी वीस महिने आधी शांतपणे तयार करता आली असती. पुढे गेलेल्या रकमेचा मोठा भाग परत आला, यात बक्षिसाची बोली आणि चोरांआधी पोहोचलेल्या काहींचा प्रामाणिकपणा यांचा वाटा होता. व्यवस्थेला त्याचे श्रेय देता येणार नाही.

व्यवस्था कशी असावी, याचे उदाहरण लिनक्सच्या जगात सापडते. जुलै २०१४ मध्ये जीसीसी ४.९.० या कंपायलरने लिनक्सच्या गाभ्यातील एका भागाचे चुकीचे भाषांतर केल्याचे उघड झाले. दोषशोधनाची माहिती सोबत ठेवण्याचा पर्याय निवडला तरच हे घडे. वास्तविक त्या पर्यायाने यंत्राला दिलेल्या आज्ञा बदलता कामा नयेत. लिनस टोरवाल्ड्स यांनी दोषाचे मूळ असलेली सोय बंद केलीच. शिवाय प्रत्येक भाग त्या पर्यायासह व त्याविना असा दोनदा तयार करून ताडून पाहण्याची रीतही नोंदवून ठेवली. ४.८.३ या आधीच्या आवृत्तीत प्रत्यक्ष बिघाड दिसला नव्हता, पण या कसोटीत तीही नापास झाली.

भारतात ‘सर्ट-इन’ने ऑक्टोबर २०२४ मध्ये सॉफ्टवेअरमधील घटकांच्या यादीविषयी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या, हे योग्यच झाले. पण कोणते घटक वापरले हे कळल्याने ते कोणत्या कंपायलरच्या कोणत्या आवृत्तीतून, कोणते पर्याय निवडून तयार झाले, हे आपोआप कळत नाही. बँका, रुग्णालये किंवा वीज कंपन्या विकत घेतात त्या तयार सॉफ्टवेअरचा मूळ मजकूर सहसा पुरवठादाराकडेच असतो. उद्या एखाद्या कंपायलरमधील दोष जाहीर झाला, तर ‘आपले सॉफ्टवेअर बाधित आहे काय?’ या प्रश्नाचे उत्तर त्यांना पुरवठादाराच्या पत्राची वाट पाहूनच मिळेल. ही नोंद खरेदीच्या करारातच मागून घेणे शक्य आहे आणि त्याला फारसा खर्चही नाही.