दाखल्यांची मोजणी आणि विंचवाचे विष

कोयनानगरचे नाव जगभरातील भूकंपशास्त्रज्ञांच्या शोधनिबंधांत सापडते. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपानंतर जलाशय आणि भूकंप यांच्या संबंधाचे ठळक उदाहरण म्हणून कोयनेचा दाखला सतत दिला जातो. मात्र याच धरणात ज्यांची घरेदारे आणि जमिनी गेल्या, त्यांना पुनर्वसनासाठी वर्षानुवर्षे आंदोलने करावी लागली. दाखले किती दिले गेले, यावरून न्याय कितीजणांना मिळाला हे कळत नाही. वैद्यकीय संशोधनाचे मोल ठरवतानाही हीच गोष्ट विसरली जाते.

वैद्यकीय महाविद्यालयात बढती हवी असेल तर शोधनिबंध किती छापले, हे विचारले जाते. संशोधकाचा दर्जा ठरवताना त्या निबंधांचे दाखले इतरांनी किती वेळा दिले, हेही मोजले जाते. २००५ साली आलेला एच-इंडेक्स तर माणसाची सारी हयात एका आकड्यात बसवतो. एच-इंडेक्स दहा, म्हणजे प्रत्येकी किमान दहा दाखले मिळालेले दहा निबंध. आकडा सोयीचा आहे. पण तो तटस्थ आहे काय?

कुंभार्ली घाट उतरून चिपळूणमार्गे उत्तरेला गेले की महाड लागते. १९२७ साली बाबासाहेबांनी पाण्याच्या हक्कासाठी जिथे सत्याग्रह केला, तेच महाड. याच तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात १९७६ साली डॉ. हिंमतराव बावस्कर रुजू झाले. लाल विंचवाच्या दंशाने माणसे डोळ्यांदेखत दगावत होती. दरदरून घाम, उलट्या, गार पडलेले हातपाय आणि शेवटी फुप्फुसात भरणारे पाणी. बावस्करांनी रुग्णाच्या उशाशी बसून या लक्षणांची नोंद ठेवली. १९८२ साली ती ‘लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध नियतकालिकात छापून आली. पुढे प्राझोसिन हे रक्तदाबावरचे औषध त्यांनी विंचूदंशावर वापरले आणि जिथे गंभीर रुग्णांपैकी शंभरात तीस-चाळीस जात, तिथे हे प्रमाण मोजक्या टक्क्यांवर आले. २०११ साली, प्राझोसिनबरोबर प्रतिविषाची लसही दिली तर रुग्ण लवकर बरा होतो, हेही त्यांनीच ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये मांडले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

आता प्रश्न असा की, विंचू कोणाला डसतो? अनवाणी शेतमजुराला, सरपण उचलणाऱ्या बाईला, कुडाच्या घरात जमिनीवर निजलेल्या लेकराला. या माणसांच्या आजारावर संशोधन करणारे मुळातच थोडे. संशोधक थोडे म्हणून निबंध थोडे, निबंध थोडे म्हणून दाखले थोडे. ज्या आजारांच्या औषधांना श्रीमंत देशांत बाजारपेठ आहे, त्यांवर हजारो जण लिहितात आणि एकमेकांचे दाखले देतात. म्हणजे कमी आकड्यात संशोधकाची कुवत नव्हे, तर रोग्याची गरिबी मोजली जाते!

मोठा आकडाही नेहमी गौरवाचाच असतो असे नाही. आणीबाणीत जगण्याच्या हक्कासाठी न्यायालयात दाद मागता येत नाही, असे सांगणाऱ्या १९७६ च्या जबलपूर निकालाचा उल्लेख वकील मंडळी अनेक दशके करत आली, ती चुकीच्या न्यायाचा नमुना म्हणून. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्दबातल ठरवला.

तरीही आकडेच नकोत, असे म्हणणे आपल्याला परवडणारे नाही. आकडा गेला की वशिला येतो, आणि वशिल्याची जात कोणती असते हे आपण जाणतो. मुलाखतीत नाकारल्या गेलेल्या आपल्या मुलामुलींना निदान छापील निबंधांचा आधार असतो. म्हणून मागणी नेमकी हवी. निवड समितीने उमेदवाराचे निवडक पाच निबंध प्रत्यक्ष वाचावेत. ते कोणाच्या दुखण्यावर आहेत आणि त्यातून उपचारात काय बदलले, याची लेखी कारणमीमांसा नोंदवावी. ती नोंद उमेदवाराला मागता आली पाहिजे, आणि माहिती अधिकार कायदा २००५ पासून आपल्या हाती आहेच. केवळ नियतकालिकाच्या आकड्यावरून माणूस तोलू नये, असे २०१२ च्या सॅन फ्रान्सिस्को जाहीरनाम्यात शास्त्रज्ञांनीही म्हटले आहे.

वैद्यकीय शिक्षण घेणाऱ्या आपल्या तरुणांनी दाखल्यांच्या मागे धावून आपल्या वस्तीचा आजार सोडू नये. आणि तो आजार निवडला म्हणून त्यांची बढती अडणार असेल, तर त्यांच्या बाजूने उभे राहणे हे चळवळीचे काम आहे.