नकाशावरचा ठिपका

पावसाचे दोन थेंब पडले, की माझं मॉर्निंग जॉगिंग कॅन्सल! तरी २०१९च्या जानेवारीत मासकॉमची असाइनमेंट बाजूला सारून मी चार रात्री लॅपटॉपवर ‘स्पाइन रेस’ बघत होते. म्हणजे नुसते नकाशावर सरकणारे ठिपके. एकेक ठिपका म्हणजे ट्रॅकर घेऊन धावणारा एकेक माणूस. इंग्लंडमधल्या एडेलपासून स्कॉटलंडच्या कर्क येटहोमपर्यंत, २६८ मैल, भर हिवाळ्यात. वाटेत ‘मूर’ : उघडा, दलदलीचा माळ. ना झाड, ना आडोसा, नुसता बोचरा वारा.

जास्मिन पॅरिस ८३ तास १२ मिनिटांत पहिली आली. बायकांत नव्हे बॉस, सगळ्यांत! तेही वाटेत थांबून लेकीसाठी दूध काढून ठेवत. पेपरभर तीच होती, आणि बरोबरच आहे.

मला मात्र मागचा ठिपका आठवतो. युजेनी रोसेलो सोले, २०१३चा विजेता. शेवट काहीच किलोमीटरवर, आणि ठिपका सरकेचना. मी रिफ्रेश करतेय, करतेय... त्यानं मदत मागवली होती.

इतक्या जवळ येऊन! मी असते तर हट्टानं रांगत गेले असते बहुधा. पण गारठ्यात शरीराच्या आधी डोकंच चालेनासं होतं. तशात ‘आता बास’ हे त्याला सुचलं कसं?

तो सुखरूप खाली आला. मग मी असाइनमेंट उघडली.